चार वेळा खाली, मग एंटर

अण्णा मेनू वाचत नाहीत, मोजतात. कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, तो घरघर करत जागा होईपर्यंत सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसायचा, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटल्या की खालचा बाण दाबायला लागायचं. टक, टक, टक, टक. मग एंटर. या एका मशीनमध्ये तीन ऑपरेटिंग सिस्टम आहेत, कुठली सुरू करायची ते या यादीतून सांगायचं; चार वेळा खाली गेलं की विंडोज एक्सपी येतं, हे त्यांच्या बोटाला पाठ आहे. त्या पाचव्या ओळीवर काय लिहिलंय, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "जिना चढताना तू पायऱ्यांवरचं वाचत बसतेस काय?"

हा कॉम्प्युटर २००९ सालचा. गणपतीच्या तोंडावर पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुळवलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. तेव्हा आमचं कराडला डीटीपीचं छोटं दुकान होतं. पाटीवर लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं असं सगळं लिहिलेलं असायचं, पण पोट भरायचं ते पतसंस्थांच्या आणि विकास सोसायट्यांच्या वार्षिक अहवालांवर. मार्चला वर्ष संपतं, सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत वार्षिक सभा घ्यायची असते, त्यामुळे जुलैपासून दुकानात ताळेबंदांचा पाऊस. त्या तीन महिन्यांत कॉम्प्युटरला हात लावायची घरात कुणाचीही छाती नव्हती.

मी हात लावला तो मे महिन्यात, २०१० साली. कॉलेजात कुणीतरी सांगितलं होतं की उबुंटू नावाच्या, विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टमची सीडी मागवली तर पोस्टानं घरी येते, पैसे लागत नाहीत. (ती सोय २०११ मध्ये बंद झाली.) मी मागवली आणि विसरून गेले. एक दिवस पोस्टमननं परदेशी शिक्क्याचं पाकीट आणून दिलं. अण्णांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "फुकट द्यायला त्यांचं काय अडलंय?" या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. आजही चहाच्या एका कपात बसेल असं देता येत नाही.

सीडी घातली की उबुंटू डिस्कला न शिवता चालून दाखवायचं. पण मला ते कायमचं हवं होतं, आणि त्यासाठी अण्णांच्या डिस्कमधली जागा हवी होती. मी ४० जीबी मागितले. अण्णा म्हणाले, "वाटणी मागतेस?" मग स्वतःच हसले. "माग बाई. २००५ पासून कायद्यानं मुलीचाही वाटा आहेच."

त्या रात्री वाटणी केली. रात्री अशासाठी की दिवसा लोडशेडिंग, आणि आमचा यूपीएस जेमतेम पंधरा मिनिटं धरायचा. चालू पार्टिशन, म्हणजे डिस्कचा पाडलेला हिस्सा, आकसून लहान करताना मध्येच वीज गेली तर त्यातली अक्षरं कुठं जातील, याची कल्पना मला होती. अण्णांना नव्हती, म्हणून ते शांत झोपले. मी पडद्यावरची निळी पट्टी पुढं सरकताना बघत बसले. बारावीच्या निकालालासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते.

ही वाटणी नक्की कुठं नोंदलेली असते, हे मला पुढं कळलं आणि फार आवडलं. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या कप्प्यातल्या ५१२ बाइटांत, सगळा दफ्तरखाना. त्यातले ४४६ बाइट मशीनला पुढचा रस्ता दाखवणाऱ्या कोडचे. शेवटचे २ बाइट म्हणजे शिक्का: हा सेक्टर बूट करण्याजोगा, म्हणजे मशीन सुरू करण्याजोगा, आहे. मधले ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याचे, आणि एका वाटेकऱ्याची नोंद १६ बाइटांची. म्हणजे चारच वाटेकरी. पाचवा आला तर चौघांपैकी एकाचा हिस्सा एक्स्टेंडेड म्हणून लावायचा आणि त्यात पोटहिस्से पाडायचे. लिनक्स, म्हणजे उबुंटू ज्यावर उभं आहे ती सिस्टम, या पोटहिश्शांना नंबर देतं ते नेहमी पाचपासून, वरचे चार भरलेले असोत की रिकामे. सातबाऱ्यावर वाढलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच शंका काढली, "आणि बांध कोरला तर?"

बांध कोरण्याची सोयही आहे. पहिला सेक्टर संपला की पहिलं पार्टिशन लगेच सुरू होत नाही. एक्सपीच्या काळातल्या डिस्कवर मधले ६२ सेक्टर, म्हणजे ३१ केबी, कुणाच्याच नावावर नसतात. गायरान. ग्रब नावाचा जो बूटलोडर आपल्याला सुरुवातीची यादी दाखवतो, त्याला ४४६ बाइटांत पाय पसरता येत नाहीत, म्हणून तो आपला मोठा भाग या गायरानात नेऊन ठेवतो. आणि गायरान म्हटलं की अतिक्रमण आलंच: विंडोजवरची परवाना तपासणारी काही सॉफ्टवेअरंही आपली खूण नेमकी याच जागेत लपवायची. दोघांनी एकाच सेक्टरवर झोपडी बांधली की सकाळी मशीन उठायचं नाही. ग्रबच्या पुढच्या आवृत्त्या असले बळकावलेले सेक्टर ओळखून बाजूनं जायला शिकल्या. तलाठ्यापेक्षा बरं म्हणायचं.

तर उबुंटू १०.०४ बसलं, आणि यादी आली. पहिली ओळ उबुंटू, दुसरी उबुंटूचाच दुरुस्तीचा मार्ग, तिसरी आणि चौथी रॅम तपासणारं मेमटेस्ट, आणि पाचवी विंडोज. मी अण्णांना शिकवलं: चार वेळा खाली, मग एंटर. त्यांनी एका कागदावर "४ ↓" असं लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं. आठवड्याभरात कागदाची गरज उरली नाही.

जूनमध्ये मी उबुंटूत काही अपडेट टाकले आणि कॉलेजला निघून गेले. संध्याकाळी आले तर अण्णा दुकानाच्या ओट्यावर बसलेले, आणि आत पडदा निळा. वर आकडे फिरताहेत, टक्के वाढताहेत. मी विचारलं, "काय करताय?" म्हणाले, "काही नाही. सुरू व्हायला आज लई वेळ घेतंय. मी दोनदा चहा पिऊन आलो." दुपारी दोनपासून ते मेमटेस्ट बघत बसले होते. झालं असं होतं की नव्या कर्नलनं, म्हणजे उबुंटूच्या गाभ्याच्या नव्या आवृत्तीनं, यादीच्या डोक्यावर आपल्या दोन ओळी घुसवल्या, जुन्याच्याही दोन तशाच राहिल्या, आणि चार वेळा खाली गेल्यावर नेमकं मेमटेस्ट हाताला लागलं. ते बिचारं इमानेइतबारे २ जीबी रॅम पुन्हा पुन्हा तपासत होतं. चूक शून्य, असं लिहूनही येत होतं.

त्या रात्री मी मेमटेस्ट काढून टाकलं आणि नेम केला: दोनच कर्नल ठेवायचे, नवा आला की सगळ्यात जुना काढायचा. दोन कर्नलांच्या चार ओळी, पाचवी विंडोजची. चार वेळा खाली. घरात कुणी संकष्टी पाळतं, कुणी गुरुवार. मी चार हा आकडा पाळायला लागले.

एक्सपी का ठेवलं, हे आता सांगायला हवं, कारण हा प्रश्न मला अजून विचारला जातो. अण्णा मुळात जुळारी. लेटरप्रेसच्या छापखान्यात केसमधून एकेक खिळा उचलून उलटा मजकूर जुळवायचा, त्यावर त्यांची उमेदीची वीस वर्षं गेली. मग १९९८ मध्ये ते डीटीपी शिकले: पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि एक मराठी फॉन्टचं पॅकेज. त्या पॅकेजबरोबर एक लॉक आलं. काडेपेटीएवढं करडं प्लास्टिक, एका बाजूला पंचवीस पिना. ते प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावलेलं असेल तरच फॉन्ट चालणार, नाहीतर नाही. आजच्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. या २००९ च्या मदरबोर्डला आहे. लोक सांगतात, एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, घाल, वेगळं बूट कशाला? सांगणाऱ्यानं तो पंचवीस पिनांचा तुकडा एकदा हातात घेऊन बघावा.

पण लॉक हे निमित्त. खरी गाठ फॉन्टमध्येच आहे. त्या काळातले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले देवनागरीचे तुकडे. एका जागेवर अर्धा ष, एका जागेवर काना, एका जागेवर रफार, कुठं नुसती वेलांटी. कॉम्प्युटरच्या लेखी फाइलमध्ये मराठी नसायचंच. रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांची भेळ असायची, आणि योग्य फॉन्ट लावला की डोळ्यांना त्यात मराठी दिसायचं. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक यादीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, तिथं अक्षर म्हणजे अक्षर. तिथं आपण शब्द लिहितो. या फॉन्टमध्ये शब्दाचं चित्र जुळवावं लागायचं. अण्णांना ही पद्धत दोन दिवसांत आली, कारण ते आयुष्यभर तेच करत आले होते. तुकडे उचलायचे आणि शेजारी शेजारी ठेवायचे. खिळे शिशाचे नव्हते, एवढाच फरक.

त्यांचं असं १९९८ ते २०१७ पर्यंतचं काम या एकाच एक्सपीत वाचता येतं. लिबर ऑफिस २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडतं, म्हणून मी लिनक्समध्येही उघडून बघितल्या. चौकटी आल्या, रेघा आल्या, ताळेबंदाचे दोन रकाने आले, आणि आत भेळ.

आणखी एक गंमत म्हणजे खुद्द त्या एक्सपीला खरं मराठी, म्हणजे युनिकोड मराठी, सुरुवातीला धड दाखवता येत नव्हतं. रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची, मूळ सीडी घालायची, मग ते येणार. तोवर वेलांट्या वाटेल तिथं आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. ज्या मशीनवर दिवसाला पन्नास पानं मराठी निघायची, त्याच मशीनवर मराठी वेबसाइट उघडली की लंगडी दिसायची. उबुंटूत तेच पान पहिल्या दिवसापासून नीट. एका पेटीत दोन मराठी नांदत होत्या, आणि त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

दोघांच्या मध्ये मी एक सामाईक पार्टिशन ठेवलं, फॅट३२ चं, कारण ते सगळ्यांना वाचता-लिहिता येतं. ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात मावत नाही, पण अहवाल कधी तेवढा झाला नाही. त्याचं नाव मी अंगण ठेवलं. नाव जरा गोड झालं खरं. वय तसं होतं.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सची कथा मात्र गोड नाही. २०११ च्या शेवटी मला तिसरी सिस्टम हवी झाली. गरज काही नव्हती. तेव्हा नवीन काही दिसलं की बसवून बघायचा एक ताप असायचा. फेडोरा १६ टाकलं. बसवताना एक खूण विचारतात: मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर आहे का. मी न वाचता पुढं गेले. यादीतले चार जुळवले आणि समाधानानं झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता एक्सपीत पहाटेचे साडेचार. मी म्हटलं सेल गेला. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नवा घातला, घड्याळ लावलं. फेडोरात एक चक्कर मारून आले, की परत मागं. पुन्हा सेल बदलला. भारताची वेळ जागतिक वेळेच्या बरोबर साडेपाच तास पुढं आहे हे शाळेत घोकलेलं; साडेपाच तासांचा नेमका फरक डोळ्यांसमोर असताना चोर ओळखायला मला आठ महिने लागले. मशीनच्या आत घड्याळ एकच. विंडोज समजतं की त्यात स्थानिक वेळ आहे. लिनक्सला सांगाल तसं ते वागतं, आणि मी चुकीचं सांगितलं होतं. ते बंद होताना त्या घड्याळात जागतिक वेळ लिहून जायचं आणि एक्सपी ती आपली समजून वाचायचं.

आठ महिने कसले, सरळ पुढचा अहवालांचा हंगाम आला. सप्टेंबर २०१२. एका संस्थेच्या ताळेबंदात छापखान्याच्या कॉम्प्युटरवर रात्री दहाला थोडी जुळवाजुळव झाली, पेनड्राइव्हवरून फाइल आमच्याकडं आली, अण्णांनी रात्री एकला त्यातली रक्कम दुरुस्त केली. आमच्या मशीननं त्या दुरुस्तीवर शिक्का मारला आदल्या संध्याकाळच्या साडेसातचा. सकाळी दोन फाइलींपैकी नवी कोणती, हे तारीखवेळ बघून ठरवलं गेलं. चुकीच्या फाइलीचं ट्रेसिंग निघालं, प्लेट झाली, छपाई झाली. पान पुन्हा छापावं लागलं, खर्च आमच्या अंगावर. अण्णांना मी घड्याळाचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साडेपाच तास. बरं." बास, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

फेडोरा काढलं, तेही डोकं न लावता. एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेले, अननोन लिहिलेल्या पट्टीवर उजवी टिचकी, डिलीट. पुन्हा सुरू केलं तर पडद्यावर दोनच ओळी: असं पार्टिशन नाही, आणि खाली ग्रब रेस्क्यू अशी लुकलुकणारी खूण. यादी दाखवणारा ग्रब फेडोराचा होता, त्याचं सामान फेडोराच्या पोटहिश्शात होतं, आणि मी तो हिस्सा नांगरून टाकला होता. त्यात मधला पोटहिस्सा गेला की खालच्यांचे नंबर एकेक घर वर सरकतात, त्यामुळे सात नंबर शोधावा तर तो आता सहा. नशिबानं लिनक्स पार्टिशनांना नंबराखेरीज लांबलचक यूयूआयडीही देतं आणि आपलं घर त्यावरून ओळखतं. गट नंबर बदलला तरी आधार नंबर तोच, असं काहीसं. ती पोस्टानं आलेली सीडी कपाटात होती. तिच्यावरून मशीन उठवलं, उबुंटूचा ग्रब पुन्हा पहिल्या सेक्टरमध्ये बसवला. अर्ध्या तासाचं काम, पण त्या अर्ध्या तासात अण्णा तीनदा दारात येऊन काही न बोलता परत गेले.

२०१४ च्या ८ एप्रिलला एक्सपीचे अपडेट कायमचे बंद झाले, तेव्हा मी एक्सपीतलं नेटवर्क कार्डच बंद करून टाकलं. तेव्हापासून अण्णांच्या हिश्शाला इंटरनेट नाही. त्यांनी ते अजून विचारलेलं नाही.

दुकान २०१७ ला आवरलं. ऑफसेटवाले स्वतःच डिझायनर ठेवायला लागले, पत्रिका व्हॉट्सअॅपवर गेल्या, आणि अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आई-अण्णा पुण्याला माझ्याकडं आले आणि त्यांच्याबरोबर हा कॉम्प्युटर, गोधडीत गुंडाळून. मी त्यात एसएसडी घातली, रॅम ४ जीबी केली. बोर्डाची मर्यादाच तेवढी. त्यातही ३२ बिटांच्या एक्सपीला सव्वातीनच्या आसपास दिसते, कारण त्याच्या मोजणीतले वरचे आकडे ग्राफिक्स वगैरेंनी आधीच अडवलेले असतात. ६४ बिटांच्या लिनक्समध्ये गेलं की तीच रॅम थोडी वाढलेली. माणसं बदलतात तसं घर लहानमोठं वाटतं, असं लिहिणार होते; पण हा सरळ पत्त्यांचा हिशेब आहे.

माझ्या हिश्शात आता डेबियन हे लिनक्स आहे. संध्याकाळचं लिहिणं, बँक, आईसाठी कीर्तनं, सगळं त्यावर होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि याच्यापेक्षा कितीतरी तरुण मशीनं विंडोज ११ च्या अटींत न बसल्यामुळं लोकांनी माळ्यावर टाकली, ते बघून मला या खोक्याचा उगाच अभिमान वाटला. तिसरी सिस्टम हायकू. नव्वदच्या दशकातल्या बीओएसचा वसा पुढं चालवायला २००१ मध्ये काही हौशी मंडळींनी ती सुरू केली, आणि अजून तिची आवृत्ती बीटा, म्हणजे चाचणीचीच, आहे. बटण दाबल्यावर पाणी प्यायला उठावं तर ती तयार असते. तिच्यात मी काय करते? काही नाही. उघडते, खिडक्या हलवून बघते, बंद करते.

आता थोडं मागं, २०२३ ची दिवाळी. कराडजवळच्या एका शाळेतून अण्णांना फोन आला. तिथल्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका २०११ ला अण्णांनी केली होती. ती आता मोबाइलवर वाचता येईल अशी हवी होती. मूळ फाइल आहे का? अण्णा म्हणाले, "आहे म्हणजे काय!" फोन ठेवला, चष्मा पुसला, बटण दाबलं. टक, टक, टक, टक. एंटर.

"अगं, माझं खातं बंद झालं वाटतं."

यादीत दोनच ओळी होत्या: डेबियन, आणि डेबियनचे इतर पर्याय. बाण दुसऱ्या ओळीवर जाऊन थांबला होता आणि एंटरनं इतर पर्यायांची पोटयादी उघडली होती. आदल्या आठवड्यात मी डेबियन १२ वर गेले होते. त्यातला ग्रब डिस्कवरच्या इतर सिस्टम आपणहून शोधत नाही. सुरक्षेच्या कारणानं ते बंद ठेवलंय आणि तसं सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंही आहे. सूचना मी वाचल्या नव्हत्या. या घरात कोण काय वाचत नाही याची यादी केली तर पहिलं नाव माझंच येईल.

शोधणं पुन्हा चालू करायला एका फाइलीत एक ओळ लागते: शोधणं बंद असणं = खोटं. कोर्टाच्या भाषेतलं होकारार्थी वाक्य. मी ती लिहायला घेतली आणि थांबले. शोधून आलेली यादी म्हणजे पुन्हा ती ठरवणार कोण कुठल्या ओळीवर. त्यापेक्षा हातानंच लिहावी. डेबियनच्या स्वतःच्या ओळी आता कायम दोनच असतात, कितीही कर्नल येवोत, जादाचे सगळे त्या पोटयादीत जातात. त्यांच्याखाली मी तीन ओळी माझ्या लिहिल्या. तिसरी हायकू. चौथी, मशीन बंद करा. पाचवी इंग्रजी अक्षरांत अण्णा. हायकूला आयुष्यात पहिल्यांदा नोकरी लागली: एक पायरी अडवून धरायची. आपोआप पुढं जाण्याची मुदतही काढून टाकली. चष्मा पुसायला कितीही वेळ लागो.

एक्सपी उघडलं, लॉक जागेवर होतं, स्मरणिका मिनिटाभरात पडद्यावर आली. मजकूर अंगणात टाकला आणि मी डेबियनमधून उचलला. भेळेतून मराठी वेचायला माझी एक छोटी स्क्रिप्ट आहे. तिच्यात दोनशेच्यावर तुकड्यांचा कोष आहे, पण खरी मारामारी क्रमाची. अण्णांच्या लाडक्या 'वार्षिक' या शब्दाचंच बघा. जुन्या फाइलीत तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमानं बसलेला: व, काना, वेलांटी, ष, रफार, क. युनिकोडला तो कानाला ऐकू येतो त्या क्रमानं हवा: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. म्हणजे रफार उचलून षच्या मागून पुढं आणायचा आणि वेलांटी पुढून मागं न्यायची, तेही बरोबर त्याच षभोवती. हा एक शब्द नीट उतरेपर्यंत माझा एक रविवार गेला होता.

छपन्न पानं निघाली. मी अण्णांना म्हटलं, नजर टाका. मोतीबिंदू काढलेले डोळे, पण तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "हे काय? चौयाण्णव?" चौऱ्याण्णव टक्के निकाल लागला होता शाळेचा, आणि माझ्या कोषात तो चंद्रकोरीसारखा अर्धा र नव्हताच. तो सबंध स्मरणिकेतून गळाला होता: सुऱ्या नाहीत, पायऱ्या नाहीत, वऱ्हाड नाही. अण्णा खूश झाले. "तुझ्या केसमधनं एक खिळा हरवलाय."

तो खिळा घातला, पुन्हा चालवलं, शाळेला पाठवलं. मग माझं उरलेलं काम करायला मशीन पुन्हा सुरू केलं. अण्णा खुर्चीमागं उभे होते. यादी आली. मी नुसतं एंटर दाबलं.

"तू खाली जात नाहीस?"

"माझं पहिलंच आहे, अण्णा."

"हां," ते म्हणाले, "म्हणजे तुला मोजायची सवयच नाही."